भरती सुरू आहे

४ जानेवारी

ती. काकांस,
सा. न.

तुम्हाला फोन केला होता. तुम्ही उचललात, "फोनवर माझं पुरतं ऐकायच्या आत लोक 'हो हो' म्हणतात, काय ते लिहून कळव," असं म्हणालात आणि ठेवलात. म्हणून हे पत्र.

लग्न २० फेब्रुवारीला सकाळी, तुमच्याच उद्यानाच्या विश्रामगृहात, हे तुम्हाला बाबांनी कळवलंच असेल. दोन्हीकडची मंडळी १८ ला संध्याकाळी पोचतील. म्हणजे १९ तारखेचा अख्खा दिवस दोन वऱ्हाडं एका छपराखाली रिकामी बसणार. मला लग्नाची भीती नाही, त्या दिवसाची आहे.

झालं असं, की बोलणी करायला सासूबाई (होणाऱ्या) आपल्या घरी आल्या, तिन्ही खोल्यांतून फिरल्या आणि म्हणाल्या, "घर अगदी आटोपशीर आहे." आईच्या हातात ट्रे होता. तो न हलवता ती म्हणाली, "हो, पसारा मांडून ठेवायची आम्हाला हौस नाही." त्यांचं घर म्हणजे खोल्या मोजताना एखादी राहून जावी इतकं मोठं. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत, एकमेकींविषयी मात्र पुष्कळ बोलतात. सासूबाईंनी निघताना सांगून ठेवलंय, आणखी एक शब्द वाकडा आला तर वऱ्हाड आल्या वाटेने परत जाईल. त्या उगाच बोलणाऱ्यांतल्या नाहीत. बाबांना विचारलं तर ते त्या दिवसापासून ऐकायला कमी येत असल्यासारखे वागतात.

थोडक्यात, लग्न लागेपर्यंत या दोघींची गाठ पडता कामा नये. त्यासाठी पाहुण्यांना उद्यानातली प्रेक्षणीय स्थळं दाखवायची, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. त्यांच्याकडचे एका दिशेला, आपले दुसऱ्या. दिवसभर चालवायचं. संध्याकाळी अशी दमून यावीत की भांडायला कुणाकडे त्राण उरू नये. तुम्ही तिथला कोपरा न् कोपरा जाणता. तेवढं एका पानावर लिहून द्याल? एकच पान, काका.

तुमची,
टिटवी


११ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मजकुराकडे वळण्याआधी एक दुरुस्ती. तू 'प्रेक्षणीय स्थळं' असं लिहिलं आहेस. स्थळं लग्नासाठी बघतात, आणि ते काम तू आटोपलेलं आहेस. उद्यानात 'ठिकाणं' असतात. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर लिहिणाऱ्याने त्यातला कुठला वाचला जाईल याचा आधी विचार करावा. मी आयुष्यभर हेच केलं. शाळेने मला सातवीत सोडलं, मी अक्षराला सोडलं नाही. आज या उद्यानातली एकूण एक पाटी माझ्या हातची आहे. संचालक येतात, जातात. पाट्या आहेत तिथे आहेत.

आता ठिकाणं.

सुरुवात प्रवेशद्वारापासून करावी. लोक कमानीवरचं नाव वाचतात आणि सरळ आत घुसतात. तसं करू नये. 'राष्ट्रीय' या शब्दातला 'ष्ट्री' बघावा. चार मजली जोडाक्षर आहे आणि एकही मजला कललेला नाही. सकाळचं ऊन तिरपं येतं तेव्हा उत्तम दिसतो. वऱ्हाडाने इथे घाई करू नये.

पुढे खारफुटीतून जाणारी फळ्यांची वाट. तिच्या तोंडाशी माझी पाटी आहे, 'येथे चिखल गुडघ्यापर्यंत आहे.' एवढंच. आधीच्या संचालकांना 'फळीवरून खाली उतरू नये, उतरल्यास दंड होईल' असं हवं होतं. मी त्यांना सांगितलं, साहेब, पाटीने हुकूम सोडू नये. पाटीने वस्तुस्थिती सांगावी. शहाण्याला तेवढी पुरते, आणि मूर्खाला हुकूमही पुरत नाही. तुझ्या मंडळींपैकी कुणी उतरलंच तर निदान चप्पल शोधत बसू नये. ती खारफुटीची झाली.

मग मचाण. पक्षी बघायला पांढरे कपडे घालून जाऊ नये, ते लांबून दिसतात आणि पक्षी उडतात. फिकट कपडेही नकोत, कारण पक्षी उडाले की वरून जातात. अत्तर लावू नये. दबक्या आवाजात बोलता न येणारे नातेवाईक खालीच ठेवावेत. दक्षिणेला कडा आहे. 'कडा येथे संपतो' ही तिथली पाटी. तिच्यासारखी दुसरी मी लिहू शकलो नाही हे कबूल करतो. लोक म्हणतात कड्यावरून सूर्यास्त सुंदर दिसतो. दिसतो. पण सूर्य कुठूनही मावळतो, पाटी एकाच जागी आहे.

कड्याच्या वाटेवर देवमाशाचा जबडा ठेवलेली खोली लागते. लोक जबड्यात उभं राहून फोटो काढून घेतात, विशेषतः जावई. तिथे 'जबडा जुना आहे' अशी पाटी आहे. ती फोटोत येते.

शेवटी दीपगृहाचं बेट. किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडी वाट आहे. ओहोटीला ती उघडी पडते आणि भरतीला पाण्याखाली जाते, मग पाच-सहा तास बेटावरचा माणूस बेटावर. वाटेच्या तोंडाशी दुहेरी पाटी टांगलेली आहे. एका बाजूला 'ओहोटी आहे', उलट्या बाजूला 'भरती सुरू आहे'. दोन्ही बाजूंना खाली बारीक अक्षरात 'अधिक चौकशी दीपगृहात करावी'. पाणी फिरलं की तिकीटवाला पाटी उलटतो आणि चहाला जातो. मला विचारशील तर उद्यानात बघण्यासारखं हे एकच आहे. रोज पाटी फिरते आणि समुद्र तिच्याप्रमाणे वागतो.

याशिवाय फुटकळ पाट्या आहेत. त्यांची माहिती सोबतच्या पुरवणीत दिली आहे.

तुझा,
काका


१७ जानेवारी

ती. काकांस,
सा. न.

पत्र मिळालं, पुरवणीही मिळाली. पाकीट जाड होतं म्हणून टपालवाल्याने दारावर दोनदा थाप मारली. कामावर, आमच्या प्रयोगशाळेत डबा खाताना मी सगळं वाचून दाखवलं, तर सगळ्यांचं मत पडलं की काकांना पाहुण्यांना उद्यान दाखवायचंच नाहीये, वाचायला लावायचंय. मी ठिकाणं विचारली, तुम्ही पाट्या पाठवल्यात. माझ्या आत्तेसासूबाई 'ष्ट्री' बघायला कमानीखाली थांबतील असं तुम्हाला खरंच वाटतं का?

एक पान, काका. कोण कुठे, कधी, एवढंच.

आणि हो, तुम्ही माझं 'स्थळं' पकडलंत, आता मी तुमची 'भरती' पकडते. तो (तुमचा होणारा जावई) हे वाचून हसला आणि मग पुन्हा वाचू लागला. म्हणाला, "आमच्याकडे समुद्र नाही. आमच्या लोकांनी भरती फक्त पेपरात वाचलीय, पोलीस भरती, तलाठी भरती. 'भरती सुरू आहे' वाचून ते थांबणार नाहीत, धावत सुटतील." त्यातही त्याचे मामा. सासूबाईंचे धाकटे भाऊ. घरात त्यांना उमेदवारमामा म्हणतात, कारण ते जन्मभर कुठल्या ना कुठल्या जागेसाठी उमेदवार आहेत. आता वयाची अट ओलांडली, तरी प्रमाणपत्रांच्या नकला पिशवीत घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. लग्नालाही आणणार. भावाचं कुठेतरी चिकटावं म्हणून सासूबाई देवाशीही अर्ज केल्यासारखं बोलतात.

तेव्हा निदान त्या दिवसापुरतं तिथे 'पाणी चढतंय, पुढे जाऊ नका' असं लिहाल का?

टिटवी


२३ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

'भरती' हा शब्द समुद्राचा आहे. नोकऱ्यांनी तो उसना नेला. उसना नेणाऱ्याच्या घरी गोंधळ होतो म्हणून मूळ मालकाने आपली वस्तू टाकून द्यायची, हा न्याय मला समजत नाही. पाटी समुद्रासमोर टांगलेली आहे. तिच्यामागे क्षितिजापर्यंत पाणी दिसतं. तिथे उभं राहून ज्याला पोलीस खातं आठवतं त्याच्यासाठी मी अक्षर बदलणार नाही. आज 'भरती' बदलली तर उद्या कुणी येऊन म्हणेल, 'कडा' म्हणजे आमच्याकडे हातातला दागिना.

'पुढे जाऊ नका' तर मुळीच नाही. ते तुला आधीच्या पत्रात सांगितलं आहे.

आता तुझं पान. खाली देतो ते छापून घ्यावं. एका पानात मावावं म्हणून अक्षर लहान केलं आहे, मजकूर नाही.

'वरपक्षाने भल्या सकाळी निघून ओहोटी आहे तोवर दीपगृहाचं बेट बघावं आणि पाणी फिरण्याआधी परतावं. तिथून उत्तरेला फळ्यांची वाट, मग मचाण. वधूपक्षाने दक्षिणेला जबड्याची खोली, नंतर कडा. दुपारचं जेवण दोन्ही पक्षांना जागेवर पोचवलं जाईल. कोणत्याही पक्षाने विश्रामगृहावर लवकर परतू नये. परतताना वरपक्षाने पुढच्या दाराने यावं, वधूपक्षाने मागच्या. वाटेत पाट्या आहेत. त्या वाचाव्यात.'

या आखणीत दोघी विहिणींची गाठ पडायची असेल तर एकीला पोहावं लागेल. तू निर्धास्त राहा.

तुझी आई मला काही आज ओळखत नाही. लग्न होऊन आली तेव्हा मी आपल्या दारावरची पाटी रंगवत होतो. माझ्या मागे उभं राहून म्हणाली होती, "भाऊजी, अक्षर छान आहे, फक्त दार लहान दिसतंय." आटोपशीर शब्द तिला का लागला ते मला कळतं. तोच तिने आधी स्वतः म्हटला असता तर लागला नसता.

तुझा,
काका


१९ फेब्रुवारी
विश्रामगृह, खोली क्र. ४

प्रति,
मा. पाटीलेखक महोदय, राष्ट्रीय उद्यान
(वधूचे काका)

विषय : दीपगृहावर आज झालेल्या भरतीबाबत.

महोदय,

मी वराचा मामा. आपण आज दिवसभर मंडपाच्या कामात होता म्हणून समक्ष भेट झाली नाही. आमच्या विहीणबाईंनी, म्हणजे आपल्या वहिनींनी, आपल्यालाच लिहायला सांगितले. त्या म्हणाल्या की इथल्या सगळ्या पाट्या आपल्या हातच्या आहेत, तेव्हा आपला शब्द मोडला जाणार नाही.

आमची मंडळी सकाळी छापील कागदाप्रमाणे निघाली, परंतु कमानीखाली बराच वेळ गेला. कागदात 'पाट्या वाचाव्यात' असे असल्यामुळे ज्येष्ठांनी सर्व वाचल्या. आम्ही बेटाच्या वाटेशी पोचलो तेव्हा एक गृहस्थ पाटी उलटून चहाला निघाले होते. पाटीवर स्वच्छ अक्षरात 'भरती सुरू आहे' असे होते आणि खाली 'अधिक चौकशी दीपगृहात करावी'. बाकीची मंडळी नोकरीवाली, त्यांना भरतीत रस नव्हता, ती उत्तरेकडे वळली. मी पिशवी चाचपली. ताई म्हणाली, "थांब. नुसता जाऊ नकोस, कुणाचा तरी शब्द हवा." तिला आठवले की विहीणबाईंचे दीर उद्यानात आहेत. विहीणबाई जवळच जबड्याच्या खोलीत होत्या. ताईने तिकडे जाऊन त्यांना हाक मारली. मी अंतरावर उभा होतो. ताईचा चेहरा पाहून वाटले की तिला जबड्यात हात घालावा लागतोय. ती म्हणाली, "विहीणबाई, झालं गेलं बाजूला ठेवा. माझ्या भावाच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे." विहीणबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चला."

वाटेवर पाणी घोट्याएवढे होते. दीपगृहाचे रक्षक आम्हाला पाहून कपाळावर हात मारून उभे होते. मी लगेच मुद्द्यावर आलो. झालेले बोलणे आठवेल तसे देतो, कारण आपल्याला शिफारस करताना उपयोगी पडेल.

मी विचारले, "भरती किती वाजेपर्यंत आहे?"

ते म्हणाले, "चारपर्यंत तरी आहेच. आता घाई करून काय उपयोग?"

"वयाची अट?"

"भरती कुणाचं वय बघत नाही."

हे ऐकून माझे डोळे भरून आले. मी विचारले, "अनुभव लागेल का?"

"अनुभव असता तर इथे आला असतात का?"

ताईने मध्येच सांगितले की आमची वरपर्यंत ओळख आहे. त्यावर ते म्हणाले, "बाई, इथे वशिला चालत नाही. मोठमोठे बुडाले." असे निःस्पृह खाते मी प्रथमच पाहिले. मग मी विचारले की पुढची भरती केव्हा. ते म्हणाले, "रोज दोनदा. पौर्णिमेला मोठी." महोदय, मी अनेक खात्यांचे उंबरे झिजवले आहेत, पण दिवसातून दोनदा भरती काढणारे खाते माझ्या पाहण्यात नाही. मी तिथेच अर्ज लिहून नकलांसह दिला. त्यांनी ते कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून बरणीखाली ठेवले.

एवढ्यात वाट पाण्याखाली गेली. त्यामुळे अन्य उमेदवार येऊ शकले नाहीत, हा माझा योग.

दुपार बेटावरच गेली. सुरुवातीला ताई आणि विहीणबाई एकमेकींकडे पाठ करून बसायला गेल्या, पण दीपगृह गोल असल्यामुळे तोंड फिरवून बसायला कोपरा नव्हता. एक सरकली की दुसरी समोर येई. शेवटी दोघी रक्षकांच्या खोलीत आल्या. ती एवढीशी, की एकीने कप उचलायचा तर दुसरीने कोपर आत घ्यावे. विहीणबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "ही आटोपशीर म्हणायची का?" मी म्हटले संपले, वऱ्हाड परत निघाले.

ताईने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "विहीणबाई, आमच्या घरात मी हाक मारली तर ती तिसऱ्या खोलीत पोचत नाही. जेवायला या म्हणून सांगायला मला उठून जावं लागतं, आणि गेल्यावर तिथे कुणी नसतं. तुमच्याकडे ओट्यापाशी उभं राहून सगळं घर दिसत होतं. माझ्या तोंडून आटोपशीर गेलं. मला बरं वाटलं होतं हो."

विहीणबाई म्हणाल्या, "मग तसं म्हणायचं ना."

"तुम्ही ट्रे असा धरला होतात की पुढचा शब्द सुचेना."

त्यानंतर दोघी हसायला लागल्या आणि त्या ज्या बोलायला लागल्या त्या अजून बोलतच आहेत. पाणी उतरल्यावर रक्षक म्हणाले, "भरती संपली, जा आता," तेव्हा त्यांना ऐकूही गेले नाही. विश्रामगृहावर पोचलो तर दोन्ही व्याही आम्हाला शोधायला माणसे धाडत होते आणि एकमेकांच्या बायकांना दोष देत होते. दोघींनी मिळून दोघांना गप्प केले.

माझी नेमणूक पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत व्हावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
उमेदवार


२१ फेब्रुवारी

ती. काकांस,
सा. न.

काल तुम्ही शेवटच्या रांगेत बसलात, अक्षता पडल्या आणि उठून गेलात. जेवायलाही थांबला नाहीत. उमेदवारमामा पत्र घेऊन तुमच्या मागे धावत होते, ते तुमच्या हातात पडलं असं कळलं. म्हणून तिथे काय झालं ते मी परत लिहीत नाही. लग्न लागलं. कुणी परत गेलं नाही. तुमचे माझ्यावर उपकार आहेत की मी तुमच्यावर रागावू, हे मला ठरवता येत नाहीये.

कारण आता नवीन संकट आहे. माझी सगळी तयारी दोघींनी भांडू नये म्हणून होती. त्या बोलू लागल्या तर काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. त्या बेटावर दोघींनी सगळं ठरवून टाकलंय. आम्ही दोघांनी प्रयोगशाळेजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत, तिथे घर लावून द्यायला दोघी मिळून येणार. किती दिवस, ते सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "आई, अगं जागा लहान आहे." तर आई आणि सासूबाई एकमेकींकडे बघून एका सुरात म्हणाल्या, "आटोपशीर आहे." आणि हसत सुटल्या. तो म्हणतो, त्याने आईला इतकं हसताना पाहिलेलं नाही. आम्हाला लग्न होऊन एक दिवस झालाय, काका. मला त्याच्याशी भांडायलासुद्धा जागा उरणार नाही.

तुमच्या एका शब्दाने हे झालं. आता तुम्हीच ते निस्तरा.

टिटवी


१४ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. इथे माझ्या पाटीवरून चौकशी बसली होती.

संचालकसाहेबांनी बोलावलं. टेबलावर तुझ्या मामेसासऱ्यांचा अर्ज होता. दीपगृहाच्या रक्षकाने वरिष्ठांकडे पाठवलेला, बरणीचा गोल डाग असलेला. साहेब म्हणाले, "पाटी बदला." मी म्हटलं, "साहेब, पाटीत चूक काय आहे ते दाखवा. ह्रस्व, दीर्घ, अनुस्वार, काहीही." त्यांना दाखवता आलं नाही. ते म्हणाले, "चूक नाही, पण लोक चुकतात." मी म्हटलं, "मग लोक बदला." असे आम्ही दोघे बसून राहिलो. चहा आला, गार झाला, परत गेला. शेवटी साहेबांनी वर कळवलं की पाटी योग्य असून तिचा अर्थ समजावून सांगण्यासाठी वाटेच्या तोंडाशी एका माणसाची आवश्यकता आहे. मंजुरी आली. जागेला वयाची अट नाही, कारण अशी जागा आधी कधी नव्हती. अर्ज एकच होता.

तेव्हा तुझे मामेसासरे गेल्या आठवड्यापासून भरतीच्या पाटीखाली खुर्ची टाकून बसतात. कुणी पिशवी घेऊन आलं की उठून सांगतात, "इथे भरती नाही, हा समुद्र आहे." काम फार मन लावून करतात. पौर्णिमेलाच रुजू झाले. मी त्यांना विचारलं, आता कळला ना शब्दाचा अर्थ? तर म्हणाले, "मला तेव्हाच कळला होता. भरती सुरू आहे असं लिहिलं होतं, आणि भरती झाली." मी घरी आलो आणि पाटीचं अक्षर न् अक्षर मनात पुन्हा वाचलं. त्या माणसाने ती चुकीची वाचलेली नाही. मी लिहिली त्यापेक्षा थोडी जास्त वाचली, इतकंच.

आता तुझं काम. लग्नात मी काही दिलं नव्हतं, कारण काय द्यावं ते ठरत नव्हतं. सोबत वेगळ्या पार्सलातून तुमच्या दोन खोल्यांच्या दाराची पाटी पाठवतो आहे. सागाची आहे. पाऊस लागेल अशा जागी लावू नये. वर तुम्हा दोघांची नावं, एकाच उंचीची, कारण कुणाचं मोठं काढावं यावर पुढे भांडण नको. खाली एक ओळ आहे, 'भरती बंद आहे.' तुझ्या आईला आणि सासूबाईंना तो शब्द चांगलाच ठाऊक झाला आहे, तेव्हा आता समजावून सांगायला माणूस लागू नये. हुकूम नाही. वस्तुस्थिती आहे. या ओळीचे दोन अर्थ होतात हे मला माहीत आहे, आणि या खेपेला मी ते माहीत असून लिहिलं आहे.

दाराच्या डाव्या अंगाला लावावी, डोळ्यांच्या रेषेत. खिळे नव्हे, स्क्रू वापरावेत.

तुझा,
काका


२ एप्रिल

ती. काकांस,
सा. न.

पाटी पोचली. डाव्या अंगाला, डोळ्यांच्या रेषेत, स्क्रूने लावली. 'भ' फार सुंदर आलाय. मी जाता-येता बोट फिरवते.

परवा दोघी आल्या, एका रिक्षातून. बरोबर सामान होतं. मी दाराआडून ऐकत होते. आईने पाटी वाचली. सासूबाईंनी चष्मा लावून पुन्हा मोठ्याने वाचली, "भरती बंद आहे." मग दोघींची पावलं दाराशीच थांबली. मला वाटलं, काकांनी जिंकलं.

सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, भरती बंद म्हणजे ओहोटी ना?"

आई म्हणाली, "हो, म्हणजे वाट मोकळी आहे. चला, पाणी फिरायच्या आत आत जाऊ."

दोघींनी चपला काढल्या आणि आत आल्या. अजून आहेत.

तुमची,
टिटवी